एमसीबीच्या एका भोकात तीन वायरी: चालतं का?

झावळी
गुरुवार, रात्री १०:४०

गणपतीला पंधरा दिवस आहेत. घर झाडायला म्हणून मी लवकर गावी आलोय (गुहागर तालुका, समुद्र चालत दहा मिनिटांवर). काकू वर्षभर इथे एकट्याच असतात. परवा सांगत होत्या, "इंडक्शनवर भात लावला की पडवीत काहीतरी करपल्याचा वास येतो रे. भात मात्र करपत नाही."

डीबी (घरातल्या सगळ्या वायरी जिथे येतात ती पेटी) पडवीतच आहे. आज त्याचं झाकण काढलं. आत सहा एमसीबी (ठरावीक आकड्यापेक्षा जास्त करंट गेला की आपोआप पडणारे स्विच), सहाही जागा भरलेल्या. त्यातल्या ३२ अँपिअरच्या एकाला खालच्या बाजूने, एकाच स्क्रूखाली तीन वायरी कोंबल्यात. एक जाड लाल, ती विहिरीवरच्या एक एचपी पंपाची. एक जुनी, काळपट, आत पांढरी एकच तार असलेली, ती स्वयंपाकघरात जाते. तिसरी बारीक पिवळी. ती वळचणीतून बाहेर जाते, पुढे कुठे ते काकूंनाही माहीत नाही.

वाडीतले वायरमन तात्या म्हणतात, "अकरा वर्षं झाली मी बसवून. काय झालं का कधी?" पूर्वी तिथे १६ चा होता, सारखा पडायचा, म्हणून त्यांनीच ३२ चा घातला.

हे असं चालतं का? नसेल तर काय करायचं? मुंबईहून माणसं यायला लागली की घरात वीस जण असतील.

---

गजालीकर
गुरुवार, रात्री १०:५२

एका भोकात तीन वायरी म्हणजे गणपतीतल्या गाडीत दोघांच्या सीटवर तीन चाकरमानी. बसतात सगळे. पण तिसऱ्याचं अर्धं अंग बाहेर असतं आणि पनवेल यायच्या आत भांडण होतं.

---

सोलकढी
गुरुवार, रात्री ११:१५

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात एका एमसीबीत दोन वायरी माझ्या बापाशीन घातलेले. पंधरा वर्सां झाली, काय्येक होवूक नाय. तुमी उगीच लोकांक घाबरवतास.

---

वायरमनचा_मुलगा
शुक्रवार, सकाळी ७:०५

झावळी, आधी त्या एमसीबीवर इंडक्शन लावणं थांबवा. काकूंना म्हणावं आठवडाभर गॅसवर भात लावा. बाकीचं सावकाश.

आता भोकाच्या आत काय असतं ते सांगतो, कारण बाहेरून फक्त स्क्रू दिसतो. आपल्याकडच्या बहुतेक एमसीबीत एक छोटा पिंजरा असतो. स्क्रू आवळला की पिंजरा वर सरकतो आणि वायरीला वरच्या पट्टीवर दाबतो. म्हणजे दाब देणारी सपाट जागा एकच. तिच्यात एक जाड आणि एक बारीक वायर शेजारी शेजारी घातली की सगळा दाब जाडी घेते आणि बारकी नुसती टेकलेली राहते. स्क्रू कितीही आवळा. हाताला घट्ट लागतो, तुम्ही समाधानाने झाकण लावता, आणि बारकी आत डुगडुगत असते.

गजालीकरांचा तिसरा चाकरमानी तो हाच. विनोद म्हणून लिहिलंत, पण नेमकं तेच होतं.

सोलकढी, तुमच्या वडिलांच्या दोन वायरी सारख्या जाडीच्या, दोन्ही तांब्याच्या असतील तर पंधरा वर्षं टिकल्या याचं मला नवल नाही. काही कंपन्या आपल्या माहितीपत्रकात तशी परवानगी देतातही: दोनच वायरी, एकाच मापाच्या, एकाच जातीच्या. लिहिलेलं नसेल तर एका भोकात एक वायर, असं धरून चालायचं. तीन तर मी कुठेच वाचलेलं नाही.

आणि झावळींच्या पेटीत माप वेगळं आहेच, शिवाय धातूही वेगळा. "आत पांढरी एकच तार" म्हणजे ती अ‍ॅल्युमिनियमची आहे, जुनी १/१८ ची (१८ नंबरची एकच तार) असणार. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच पातळ थर चढतो आणि तो वीज वाहून नेत नाही. दाबाखाली ते हळूहळू पसरतं, त्यामुळे स्क्रू आपोआप सैल पडतो. तांब्याला खेटून ठेवलं आणि वर खारी हवा लागली की झिजतं अ‍ॅल्युमिनियमच. समुद्र दहा मिनिटांवर म्हणताय, म्हणजे विचारायलाच नको.

---

अँपिअरराव
शुक्रवार, सकाळी ९:३०

वरच्या प्रतिसादाला +१. थोडा हिशोब जोडतो, कारण "एमसीबी आहे ना, पडेल की" ही समजूत घरोघरी आहे.

२००० वॅटचा इंडक्शन २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर घेतो. सैल जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम धरा. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे साडेसात वॅट. त्याच वायरीवर किटली आणि मिक्सर लावून १५ अँपिअर गेले तर साडेबावीस वॅट. सोल्डरिंगची छोटी इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे पेटीत, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत, एक इस्त्री चालू ठेवून तुम्ही पडवीत झोपाळ्यावर बसला आहात.

एमसीबीला यातलं काही कळत नाही. तो करंट बघतो आणि करंट नेहमीएवढाच आहे. सैल जोडाने झाला तर किंचित कमीच होतो. आरसीसीबीलाही (जमिनीत करंट गळला की पडणारा स्विच) कळत नाही, कारण जमिनीत काही गळत नाही. कळतं फक्त नाकाला. काकूंच्या नाकाला दाद द्या.

दुसरी गोष्ट. १६ चा पडत होता म्हणून ३२ चा घातला, हे मला तीन वायरींपेक्षा भयंकर वाटतं. एमसीबी हा उपकरणाचा नसून वायरीचा राखणदार असतो. घरगुती एमसीबीच्या प्रमाणकानुसार तो दर्शनी आकड्याच्या १.१३ पट करंटला तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. ३२ ला हिशोब लावा: ३६ अँपिअरला तो तासभर ढिम्म हलणार नाही, ४६ झाले तर तासाच्या आत कधीतरी पडेल. तेवढ्या वेळात तुमच्या १/१८ च्या तारेचं काय होईल? वायरीवरचं साधं पीव्हीसी ७० अंशापर्यंतच धरलेलं असतं.

---

देवगडचा_हापूस
शुक्रवार, सकाळी १०:१०

वाखूसा (वाचनखूण साठवली). आणि आमची पेटी उघडायला निघालो आहे.

---

देवगडचा_हापूस
शुक्रवार, सकाळी १०:३४

उघडली. आत कुंभारणीचं मातीचं घर, पालीची दोन अंडी आणि मुंग्यांची वसाहत. वायरी अजून दिसल्या नाहीत.

---

परदेशी_पावटा
शुक्रवार, दुपारी १:२०

मूळचा हर्णैचा, सध्या ओहायो. इथे याला "डबल टॅप" म्हणतात. घर विकताना तपासनीस पेटी उघडतो आणि पहिलं हेच शोधतो. इथल्या विद्युत संहितेच्या ११०.१४ कलमात आहे की एका टर्मिनलला एकापेक्षा जास्त वायर लावायची असेल तर ते टर्मिनल त्यासाठीच बनवलेलं आणि तशी खूण असलेलं हवं. स्क्वेअर डी कंपनीचे क्यूओ जातीचे १० ते ३० अँपिअरचे काही ब्रेकर तसे येतात. त्यांच्या स्क्रूखालच्या चकतीला दोन बाजूंना दोन वेगळे खोबण असतात, म्हणजे दोन्ही वायरींना आपापला दाब. बाकी बहुतेकांना एकच.

तेव्हा "अमेरिकेत चालतं" किंवा "अमेरिकेत चालत नाही" अशी दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. ब्रेकरवर काय छापलंय ते बघायचं.

---

सोलकढी
शुक्रवार, दुपारी २:४५

बरां, बघितलंय. दोनय तांब्याचे, दोनय एकाच जाडीचे. बापूस माझो शाणो होतो.

(पण एक वायर खेचून बघलंय, ती माझ्या हातात इली. म्हणून गप रवलंय.)

---

गजालीकर
शुक्रवार, दुपारी २:५१

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). सोलकढी, मेन बंद करून खेचलंत ना?

---

सोलकढी
शुक्रवार, दुपारी २:५३

केलंय रे बाबा. म्हणून तर टाइप करतंय.

---

फणसाचे_गरे
शुक्रवार, संध्याकाळी ६:००

साधा उपाय: तिन्ही टोकं एकत्र पिळायची, डाग देऊन (सोल्डर करून) एक जाड टोक बनवायचं आणि ते भोकात घालायचं. सैल पडायचा प्रश्नच नाही. मी ट्रॅक्टरच्या वायरिंगला असंच करतो.

---

वायरमनचा_मुलगा
शुक्रवार, संध्याकाळी ७:४०

गरे, हे मात्र नका करू. स्क्रूखाली डाग दिलेलं टोक घालायचंच नाही. कथिल मऊ असतं, दाबाखाली सावकाश वाहतं. आज घट्ट बसलेलं टोक चार महिन्यांनी सैल झालेलं असतं. त्यातून जोड तापला की कथिल आणखी मऊ. शिवाय अ‍ॅल्युमिनियमला साधा डाग धरतही नाही.

बरोबर मार्ग सांगतो. एमसीबीतून एकच वायर बाहेर काढायची, सगळ्यात जाड मापाची. ती पेटीत जोडपट्टीला किंवा खटक्याच्या कनेक्टरला आणायची आणि तिथून फाटे काढायचे. खटक्याचे चांगले कनेक्टर, उदाहरणार्थ वागोचे २२१ मालिकेतले, ४ चौरस मिलिमीटरपर्यंतची वायर आणि ३२ अँपिअर घेतात. प्रत्येक वायरीला आपलं स्वतंत्र भोक, स्वतंत्र स्प्रिंग. चिनी मातीचे स्क्रूचे कनेक्टरही चालतात, पण ते पेटीत बसवा, माळ्यावर लोंबकळत ठेवू नका. दोनच वायरी आणि सारख्या मापाच्या असतील तर जोड-फेरूल मिळतं, दोन वायरी एका नळीत घालून पक्कडीने दाबायचं. मात्र त्याची पक्कड वेगळी येते, दातांनी किंवा साध्या पकडीने दाबलेलं फेरूल म्हणजे नुसता दागिना.

फाटे काढले तरी अँपिअररावांचा मुद्दा उरतोच: वरचा एमसीबी सगळ्यात बारीक वायरीला झेपेल असा हवा. तुमच्या बाबतीत पंप, स्वयंपाकघर आणि ती गूढ पिवळी यांना एकत्र ठेवायचं काही कारण नाही. पेटी सहाची आहे, ती काढून आठची किंवा बाराची बसवा. खर्च एमसीबीचा नाही, मजुरीचाच आहे.

एक बारीक खोड सांगून ठेवतो, कारण नवशिके हमखास फसतात. वायर पिंजऱ्याच्या आत न जाता पिंजऱ्याच्या मागे जाऊ शकते. स्क्रू छान आवळतो आणि वायर मोकळी राहते. म्हणून प्रत्येक वायर आवळल्यावर हिसका देऊन बघायची. सोलकढींना तेच दिसलं असेल.

---

जांभा
शुक्रवार, रात्री ९:१५

किती आवळायचं यावर कोणी बोललं नाही. माझ्याकडच्या एमसीबीवर २ न्यूटन मीटर छापलंय. त्यासाठी टॉर्कचा स्क्रू ड्रायव्हर मिळतो. नसेल तर अंदाज असा: दहा सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला दोन किलो लटकवल्याएवढा जोर. म्हणजे साधारण दोन लहान असोले नारळ. आमचे एक वायरमन चार नारळांचा जोर लावतात आणि मग एमसीबीचं अंग तडकतं.

अवांतर: झावळी, अर्थिंग तपासलंत का? आमच्याकडे सगळे म्हणतात लाल माती म्हणजे लोखंड, म्हणजे अर्थिंग झकास. उलट आहे. जांभ्यातून पाणी भराभर निचरतं. पावसात सगळं ठीक, एप्रिल-मे मध्ये खड्डा ठणठणीत कोरडा आणि रोध चढलेला. आमचा ऐन मे मध्ये २० ओहम निघाला. आता हिशोब करा: गिझरच्या अंगावर फेज आली तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर जमिनीत जाणार. १६ चा एमसीबी तेवढ्याला पडणार नाही. गिझरचं अंग तसंच भारलेलं राहणार.

---

अँपिअरराव
शुक्रवार, रात्री ९:४०

अवांतर असलं तरी लाखमोलाचं. म्हणूनच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. साडेअकरा अँपिअर त्याच्यासाठी जवळजवळ चारशे पट झाले, क्षणात पडेल. मात्र तो बसवल्यावर न्यूट्रलची सरमिसळ चालत नाही. ज्या फेजचा न्यूट्रल तो त्याच आरसीसीबीखालच्या लिंकवर (न्यूट्रल वायरी जोडायच्या पट्टीवर). आणि लिंकच्या पट्टीतही एका भोकात एकच वायर. फेजला सोवळं आणि न्यूट्रलला ओवळं असं नसतं, करंट दोन्हीतून सारखाच जातो.

---

निवडुंग_दापोली
शनिवार, सकाळी ८:२०

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. आली तेव्हा प्रत्येकाला घाई. छप्पर उडालेलं, डीबीत पाणी गेलेलं, आणि मिळेल तो माणूस मिळेल त्या वायरीला मिळेल तिथे जोडून जात होता. तात्पुरतं म्हणून. आमच्या वाडीत त्या तात्पुरत्यातलं निम्मं अजून तसंच आहे. दोन वर्षांनी आमची पेटी उघडली तेव्हा एमसीबीखालची तार हिरवी झाली होती, शेवाळासारखी. नखाने खरवडली तर खाली काळी. ती मागे लख्ख दिसेपर्यंत कापली तर चार बोटं गेली, आणि मग वायर भोकापर्यंत पुरेना.

तेव्हा किनाऱ्यावर पेटीत वायर जरा लांब ठेवा. एक वळसा जास्तीचा. पुढच्याला कापायला जागा राहते.

---

झावळी
शनिवार, सकाळी ११:००

सगळ्यांचे आभार. मी स्वतःच करू का, हा प्रश्न विचारणार होतो. इंजिनिअर आहे, पण सॉफ्टवेअरचा.

---

वायरमनचा_मुलगा
शनिवार, सकाळी ११:०८

नको. परवानाधारक माणूस बोलवा आणि शेजारी उभे राहून बघा. घरात इन्व्हर्टर आहे का?

---

झावळी
शनिवार, सकाळी ११:१०

आहे. पावसात त्याशिवाय कसं व्हायचं.

---

वायरमनचा_मुलगा
शनिवार, सकाळी ११:२२

मग हे वाचा आणि येणाऱ्या माणसालाही आठवण करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टर दिव्यांच्या वायरी जिवंत ठेवतो, आणि पेटीत त्या कुठून गेल्यात ते रंगावरून कळेलच असं नाही. आधी इन्व्हर्टर बंद, त्याचा प्लग काढलेला, मग मेन. मेनच्या वरच्या बाजूला मीटरकडून येणारी वायर तरीही जिवंतच असते. निऑनच्या टेस्टरवर विसंबू नका, ओल्या हवेत तो नको तिथे पेटतो आणि हवा तिथे पेटत नाही. होल्डरला दोन वायरी लावलेला बल्ब घ्या, आधी चालू प्लगवर पेटवून बघा, मग पेटीत लावा, मग पुन्हा प्लगवर.

माझ्या बाबांचा डावा अंगठा इन्व्हर्टरने भाजला होता. तीस वर्षं काम केलेला माणूस.

---

गजालीकर
शनिवार, दुपारी १२:३०

पण ती पिवळी जाते कुठे?

---

फणसाचे_गरे
शनिवार, दुपारी १२:४१

डाग द्यायचं रद्द. ट्रॅक्टरचीही जोडणी बघतो आता.

---

झावळी
मंगळवार, रात्री ९:५०

अहवाल.

गुहागरहून परवाना असलेला माणूस आणला. तात्यांनाही बोलावलं, नाहीतर पुढच्या पावसात फ्यूज गेला तर काकूंकडे येणार कोण. तात्या आधी गाल फुगवून ओटीवर बसले होते.

स्क्रू सोडल्यावर लाल वायर हिसका देऊन काढावी लागली. पिवळी तिच्याबरोबर अलगद आली. अ‍ॅल्युमिनियमची तार ओढायची गरजच पडली नाही, ती भोकाच्या तोंडाशीच तुटलेली होती आणि आतल्या तुकड्याला टेकून चालत होती. टोकाला पांढरी पूड. वरचं पीव्हीसी चार बोटं काळं झालेलं, बोटाने दाबलं तर भाकरीच्या पापुद्र्यासारखं निघालं. एमसीबीच्या खालच्या कडेचं प्लॅस्टिक फुगून तपकिरी झालं होतं. तात्यांनी ते हातात घेतलं, चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "उद्या माझ्या घरची पण पेटी उघडूया." ओटीवरून उठून ते स्वतःच झाकणं पुसायला लागले.

आता बाराची पेटी आहे. पंपाला १६ चा वेगळा. स्वयंपाकघराला ४ चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची वायर आणि २० चा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एका भोकात एक वायर, न्यूट्रललासुद्धा. आत एकेक वळसा जास्तीचा ठेवलाय, निवडुंग यांना धन्यवाद. अर्थिंगच्या खड्ड्याचं बघायचं राहिलंय. आत्ता पावसात आकडा चांगलाच येणार, मे मध्ये येऊन मोजेन.

आणि पिवळी. ती वळचणीतून, फणसाच्या फांदीवरून, गडग्यापलीकडे चुलत्यांच्या गोठ्यात जाते. तिथे एक बल्ब आणि एक पंखा. वाटणीवरून दोन घरांचं बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली, वायर अकरा वर्षांपूर्वीची. त्यांना वाटत होतं गोठ्याचा बल्ब त्यांच्याच मीटरवर आहे.

मी तोडायला निघालो होतो. काकू म्हणाल्या, "राहू दे बाळा, गणपतीत गाय अंधारात नको." एवढ्या लांब जाते म्हणून फांदीवरची काढून आधाराच्या तारेवर नवी वायर ताणली, ६ चा वेगळा एमसीबी दिला आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली: "चुलते".

---

गजालीकर
मंगळवार, रात्री ९:५८

आणि अकरा वर्षांचं बिल?

---

झावळी
मंगळवार, रात्री १०:०३

आज संध्याकाळी गडग्यावरून एक फणसपोळीचा डबा आलाय. काकूंनी आत ठेवून दिला, बोलल्या काहीच नाहीत. बिलाचा धागा वेगळा काढतो.